निवडून आल्यावरची सोबत: नागपूर जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधी महिलांनी आपलं मंडळ कसं उभं करावं

पंचायत समितीत निवडून आले तेव्हा पहिल्या सभेची विषयपत्रिका मला सभागृहाच्या दारात मिळाली. चौदा विषय होते. पर्समधून चष्मा काढून पहिलं पान वाचेपर्यंत सातव्या विषयावर "मंजूर, मंजूर" होऊन गेलं होतं. शेजारी बसलेल्या एका जुन्या सदस्यताईंनी टेबलाखालून माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "हजेरीची सही कर. बाकी कागद घरी नेऊन वाच. काहून घाई करून राहिली?" त्या माझ्या पक्षाच्या नव्हत्या. पुढच्या पाच वर्षांत मी जे काही धड केलं, त्याची सुरुवात त्या दाबलेल्या हातापासून आहे.

निवडून आल्यावर सत्कार भरपूर होतात. शाल, श्रीफळ, फ्लेक्स. पण 'प्रशासकीय मान्यता' आणि 'तांत्रिक मान्यता' यांत फरक काय, हे कुणी सांगत नाही. विचारायला जावं तर "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, भाऊंना पाठवा" असं उत्तर मिळतं.

७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतलं महिला आरक्षण २०११ मध्ये वाढून निम्म्या जागांवर गेलं. म्हणजे संख्येचा प्रश्न बराचसा सुटला. पण आरक्षण फिरतं असतं. आज महिलांसाठी असलेली जागा पुढच्या वेळी खुली होते, शिकून तयार झालेली बाई घरी बसते आणि नवी बाई पुन्हा शून्यापासून सुरू करते. नागपूर महानगरपालिकेत तर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासकच होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १५१ जणांचं सभागृह पुन्हा भरलं, त्यातल्या निम्म्या जागा महिलांच्या. त्याआधी डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. एवढ्या नव्या बाया एकदम आल्या, आणि मधल्या काळात अनुभवाची साखळी तुटलेली. ती पुन्हा जोडायची तर सरकारी प्रशिक्षणाची वाट बघत बसू नका. आपलं मंडळ, म्हणजे दर महिन्याला भेटून एकमेकींना शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या निवडून आलेल्या बायांचा छोटा गट, आपणच जमवा. आम्ही कसं जमवलं, कुठे चुकलो, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: सातजणी शोधा

सात ते नऊ हा आकडा आम्हाला चुकतमाकत सापडला. सुरुवातीला आम्ही बावीस होतो. तिसऱ्या बैठकीला ती सभाच झाली. चौघी बोलायच्या, अठरा ऐकायच्या. सात असल्या की प्रत्येकीला बोलावंच लागतं.

एकाच ग्रामपंचायतीतल्या किंवा एकाच प्रभागातल्या दोघी घेऊ नका. त्यांच्यात उद्या मतदान येतं, परवा उपसरपंचपदाचा खेळ येतो, आणि मंडळात सांगितलेली गोष्ट तिथे हत्यार म्हणून वापरली जाते. तालुके वेगळे ठेवा. जिल्ह्यात नागपूर शहर धरून चौदा तालुके आहेत, निवड करायला जागा भरपूर. एक शहरातली नगरसेविका, एक नगरपरिषदेतली, तीनचार सरपंच किंवा सदस्य, आणि एक माजी. माजी हवीच. तिला आता कुणाची भीती नसते आणि वेळ असतो.

पक्ष मिसळलेले असू द्या. यावर माझ्याशी भांडणाऱ्या पुष्कळ आहेत. पण एकाच पक्षाच्या बाया जमल्या की तिसऱ्या दिवशी जिल्हाध्यक्षाला बातमी जाते आणि मंडळाची महिला आघाडी होते. महिला आघाडी वाईट नाही, तिचं काम वेगळं आहे. एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९८९ मध्ये, म्हणजे आरक्षणाच्याही आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रेरणेने आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेडा गावात पूर्ण महिलांचं पॅनल निवडून आलं होतं. आणि त्याच्याही खूप आधी, १९३७ मध्ये, नागपूरच्या अनसूयाबाई काळे मध्य प्रांताच्या विधानसभेत गेल्या, तिथे उपसभापती झाल्या, आणि १९५२ मध्ये नागपूरच्या खासदार झाल्या. आपल्या मागे कुणीच नाही असं समजून रडत बसायचं कारण नाही.

शोधायच्या कशा? प्रशिक्षणाच्या बॅचमध्ये जेवणाच्या सुट्टीत ओळखी होतात, त्या नंबरांवर धूळ बसू देऊ नका. 'उमेद' म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचतगटांच्या प्रभागसंघात, 'माविम' म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या लोकसंचालित साधन केंद्रात विचारा. तिथल्या ताईंना कोणत्या गावची सरपंच खरंच काम करते आणि कोणाचा फक्त शिक्का आहे, हे नेमकं ठाऊक असतं. ज्या बाईचा फक्त शिक्का आहे तिलाही घ्या. खरं तर तिला आधी घ्या. राज्यपातळीवर २००० पासून महिला राजसत्ता आंदोलन हेच काम करत आलं आहे. त्यांच्या जुन्या कार्यकर्त्या भेटल्या तर अर्धं काम सोपं होतं.

आदिवासी आणि दलित सदस्या नावापुरत्या नकोत. आमच्या मंडळात पहिले सहा महिने पदवीधर दोघीच बोलत होत्या, त्यातली एक मी. पारशिवनीकडची एक ताई शेवटी म्हणाली, "तुम्ही आम्हाला शिकवून राहिल्या, विचारून नाही राहिल्या." तेव्हापासून बैठकीचं सूत्रसंचालन दर महिन्याला पाळीने दुसरीकडे जातं, आणि ज्या महिन्यात तुमची पाळी असते त्या महिन्यात तुम्ही सर्वांत शेवटी बोलायचं.

दुसरी पायरी: जागा, वेळ आणि चार नियम

जागा कुणाच्या घरी नको, पक्ष कार्यालयात तर नकोच. घरी सासरे दिवाणखान्यात बसलेले असतात. वाचनालयाची खोली, कॉलेजचा रिकामा वर्ग, बचतगट महासंघाचं कार्यालय, काहीही चालेल. जिल्ह्याभरातून येणार असाल तर सीताबर्डीच्या आसपास बघा. हिंगण्याची बाई लोकमान्य नगरहून, कामठीची ऑटोमोटिव्ह चौकातून, मौद्याकडची प्रजापती नगरहून मेट्रोने थेट सीताबर्डीला उतरते. उमरेड, भिवापूर, कुहीच्या बाया एसटीने गणेशपेठला येतात. काटोल, नरखेडला रेल्वे आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे "जायला पैसे कोण देईल" हा घरातला प्रश्न थोडा बोथट झाला आहे.

वेळ अकरा ते एक. भिवापूरची बाई पाचच्या आत घरी पोचली पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात ती येत नाही. एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या उन्हात दुपारी बसस्टँडवर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. ते दोन महिने सकाळी साडेआठला भेटा, तर्री पोहे खाऊन साडेदहाला मोकळ्या व्हा.

नियम आम्ही चारच ठेवले. खोलीतलं खोलीबाहेर जायचं नाही. फोन टोपलीत, रेकॉर्डिंग नाही. तिकीट, युती, फोडाफोडी हा विषय नाही. आणि सोडायला आलेले मिस्टर चहाच्या टपरीवर थांबतील, आत नाही. चौथा नियम मोडायला सर्वांत जास्त प्रयत्न झाले.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढाल तर त्यावर फक्त तारीख, जागा आणि कागदाचे फोटो. तक्रारी, नावं, व्हॉइस नोट अजिबात नाही. एका घरात फोन तिघं जण बघतात.

तिसरी पायरी: गप्पांआधी कागद

इथे जरा थांबते, कारण मंडळ टिकतं की मोडतं ते इथे ठरतं. फक्त मन मोकळं करायला जमलेल्या बाया चार महिन्यांत पांगतात. घरी विचारतात, "काय मिळते तिथे जाऊन?" त्यावर देण्यासारखं उत्तर हवं. आमचा पहिला तास विषयपत्रिकेचा असतो. जिची सभा जवळ आहे तिची विषयपत्रिका मध्ये ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून वाचायची.

ग्रामपंचायतीच्या साधारण सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी मिळाली पाहिजे. न मिळाल्यास तसं लेखी द्या. सरपंच असाल तर हेही लक्षात ठेवा: दरमहा किमान एक सभा बोलावणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि पुरेशा कारणाशिवाय ती चुकवल्यास पद जाऊ शकतं. "या महिन्यात राहू द्या ताई, कोरम होत नाही" असं गोड बोलून सभा टाळायला लावणारे भेटतात. कोरम होवो न होवो, नोटीस काढा, गणपूर्ती झाली नाही अशी नोंद घ्या.

वाचताना प्रत्येक विषयाला तीन प्रश्न विचारा. पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे हिशेबातल्या कोणत्या खात्यातून, जाणार? हेच काम मागच्या दोन वर्षांत झालं आहे का? हा विषय कुणाच्या अर्जावरून आला? नालीच्या एका कामावर आमच्या एका ताईने दुसरा प्रश्न विचारला आणि सभा वीस मिनिटं गप्प झाली. तीच नाली आधीच्या वर्षी बांधून झाली होती.

शेवटचा विषय बहुतेक वेळा 'ऐनवेळी येणारे विषय' असा असतो. नवी सदस्य तो सोडून देते. तुम्ही तो आधी बघा. तो कोरा असतो, आणि जे चर्चेशिवाय मंजूर करायचं असतं ते नेमकं तिथून आत येतं. आदल्या दिवशी कार्यालयात फोन करून विचारा की ऐनवेळी काय येणार आहे. "काही नाही" म्हणाले तर तारीख-वेळ वहीत टिपून ठेवा.

पटलं नाही तर तोंडी विरोध करून थांबू नका. "माझा विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवावा" हे वाक्य पाठ करा. त्याच दिवशी तेच एका कागदावर लिहून आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं. कायम करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या जागेखाली, कोऱ्या प्रोसिडिंगवर, 'नंतर भरू' म्हटलेल्या धनादेशावर सही नाही म्हणजे नाही. अफरातफर निघाली की वसुली सही करणारीवर येते, करायला लावणाऱ्यावर नाही.

सरपंचताईंसाठी आणखी एक. निधीची देयकं ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरून डिजिटल स्वाक्षरीने निघतात. ती स्वाक्षरी एका डोंगलमध्ये असते. आमच्या मंडळातल्या पहिल्या पाच सरपंचांपैकी चौघींनी आपला डोंगल कधी पाहिलाच नव्हता. तो संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये होता, पासवर्ड पाकिटावर लिहिलेला. डोंगल ताब्यात घ्या, पासवर्ड बदला, नोंदणीकृत मोबाइल नंबर तुमचा आहे की कुणा भाऊंचा ते तपासा. महिन्यातून एकदा नमुना ५, म्हणजे सामान्य रोकड वही, आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून आकडे जुळवा. पहिल्यांदा तीन तास लागतात, नंतर चाळीस मिनिटं.

बांधकामाच्या फाइलीचा क्रम मंडळात कुणीतरी एकदा समजावून सांगावा: मागणी, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार) आणि तांत्रिक मान्यता (अभियंत्याने अंदाजपत्रक तपासून दिलेली), निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला. निवृत्त शाखा अभियंता किंवा निवृत्त ग्रामसेवक मिळाला तर एका बैठकीपुरता बोलवा, नारळ द्या, पाठवा. कायमचा सल्लागार करू नका. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयानंतर ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणून एक झाली आहेत, पण गावात लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात.

आणि दर मार्चमध्ये आपापल्या ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचे तीन आकडे घेऊन या: मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के. सातजणींचे आकडे फळ्यावर लिहिले की कुठे खर्चच झाला नाही आणि कुठे दहा टक्क्यांत सतरंज्या आणि खुर्च्या घेतल्या, ते दिसतं. दुसऱ्या गावाने त्याच पैशातून काय केलं हे कळणं, हा मंडळाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फायदा.

नगरसेविकांचा कागद वेगळा असतो. महानगरपालिकेचे दहा झोन आहेत, आणि नागरिकाची ऐंशी टक्के तक्रार झोनच्या पातळीवरच सुटते असा आमच्या नगरसेविकांचा अंदाज आहे. सभागृहात भाषण करण्याआधी आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांना दिलेल्या पत्रांची वही ठेवा: दिनांक, विषय, आवक क्रमांक, उत्तर. आपल्याच संस्थेकडून माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करायला लाजू नका. दहा रुपये आणि तीस दिवस.

चौथी पायरी: तोंड उघडायचा सराव

दुसरा तास नाटकाचा. एक जण बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी होते, एक खवट उपसरपंच, एक टाळ्या मारणारा सदस्य. ज्या बाईला पुढच्या आठवड्यात बोलायचं आहे ती उभी राहते. पहिल्यांदा सगळ्या हसतात. उपसरपंच झालेली बाई इतकी हुबेहूब करते की दोघी खरंच रडल्यात.

सर्वांत जास्त सराव लागतो तो 'सरपंचपती' प्रकरणाला, म्हणजे सरपंच बायको आणि कारभार नवऱ्याचा. या प्रश्नावर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर याचिका गेली, त्यानंतर केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने समिती नेमली आणि मार्च २०२५ मध्ये 'सशक्त पंचायत-नेत्री अभियान' सुरू केलं. ते ठीक. पण मंगळवारी साडेअकराला जेव्हा साहेब तुमच्याकडे न बघता तुमच्या नवऱ्याला विचारतात, "काय भाऊ, काय ठरलं?", तेव्हा समिती येत नाही. तेव्हा एकच वाक्य लागतं: "साहेब, सरपंच मी आहे, मला विचारा." ते आवाज न चढवता, हसून, पण डोळ्यांत बघून म्हणायचं. पंचवीस वेळा खोलीत म्हटलं की सव्विसाव्यांदा ऑफिसात निघतं.

नवऱ्याला शत्रू करू नका, हेही सांगते. गाडी कोण चालवणार, मुलांना कोण बघणार, प्रचारात उन्हातान्हात कोण फिरलं, हे विसरून चालत नाही. पण घरी एकदा स्पष्ट बोलणं करून घ्या: गाडी चालवा, कागद वाचायला मदत करा, माझ्या खुर्चीवर बसू नका आणि माझ्या नावाने फोन उचलू नका. काही नवरे ऐकतात. आमच्या मंडळात दोघांनी ऐकलं नाही. तिथे आम्ही पुढचा मार्ग धरला: पुढच्या चार सभांना ती बाई दुसऱ्या तालुक्यातल्या आमच्यापैकी एकीला घेऊन कार्यालयापर्यंत गेली. आत एकटीच गेली. बाहेर आपलं माणूस आहे एवढ्यानेही चाल बदलते.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते. ती खरी घ्या. तिथे ठरलेला विषय ग्रामसभेत मांडायला तुमच्या पाठीशी चाळीस बाया बसलेल्या असतात, मग नाटकाच्या सरावाचीही तेवढी गरज उरत नाही.

पाचवी पायरी: खुर्ची हलायला लागते तेव्हा

बहुतेक बाया अविश्वास ठरावाला घाबरतात. महिलेसाठी राखीव सरपंचपदावरच्या बाईविरुद्ध तो मंजूर व्हायला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. त्याहून चोरपावलांनी येते ती अपात्रता. तिची यादी मंडळात पहिल्याच महिन्यात तपासा, प्रत्येकीची.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत दिला का, पोच आहे का? घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली नाही ना? मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. पावती स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा, "भरलं म्हणे यांनी" चालणार नाही. घराच्या एखाद्या भिंतीखाली सरकारी जागा तर नाही? २०१८ मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांचं अतिक्रमणही अपात्रतेला पुरेसं ठरवलं. सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी वाढवलेली ओसरी तुमचं पद घेऊ शकते. दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना त्याच न्यायालयाने पद परत दिलं, आणि एक बाई सरपंच झाल्याचं गावकऱ्यांना पचलेलं नाही, असंही निकालात म्हटलं. म्हणजे आदेश आला की सगळं संपलं असं नसतं. पण लढायचं तर मुदतीत.

जातीच्या आरक्षणातल्या जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्राची मुदत दरवाजावर लिहून ठेवा. आपल्याच जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांचं प्रमाणपत्र मार्च २०२४ मध्ये रद्द झालं आणि रामटेक लोकसभेचा अर्ज बाद झाला. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय रद्द केला, तोवर निवडणूक होऊन गेली होती. राजकारण बाजूला ठेवा, कागदाची मूळ प्रत आणि तीन झेरॉक्स कुठे आहेत ते आज बघा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. नोटीस आली की त्याच दिवशी मंडळात फोन, दुसऱ्या दिवशी दोघींनी तिच्यासोबत तिथे जायचं. नोटीस उशीखाली ठेवून पंधरा दिवस घालवणारी बाई मी पाहिली आहे. भीतीने हात चालत नाहीत.

सहावी पायरी: धमकी, फोटो, अफवा

पुरावा आधी. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, नंबर, ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे. मूळ मेसेज पुसू नका, दुसऱ्या विश्वासू फोनवरही घ्या. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. पैशाची फसवणूक असेल तर लगेच १९३०. शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि बाहेर नागपूर ग्रामीणचे अधीक्षक. हद्दीवरून टोलवलं तर 'शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवा' म्हणा, कुठल्याही ठाण्याला तो घ्यावा लागतो. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५, पाठलागासाठी ७८, अश्लील शब्द-हावभावांसाठी ७९ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या सदस्येला पंचायतीतलं काम करू न देणं, धमकावणं हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. झेंडावंदन करू दिलं नाही, खुर्ची दिली नाही, अशा 'छोट्या' वाटणाऱ्या गोष्टी तिथे मोडतात.

ठाण्यात एकटीने जायचं नाही. शहरात पोलिसांचा महिलांसाठीचा भरोसा सेल आहे, कुठूनही ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ लागते. या नंबरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, फोन हिसकावला जाऊ शकतो.

चारित्र्यावरच्या अफवेला उत्तर देऊ नका, हे माझं मत. मंडळातल्या निम्म्या जणींना ते पटत नाही.

सातवी पायरी: घर, बाळ, झोप

डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, झाला. ग्रामपंचायतीत कोण करणार? तुम्हीच. दहा टक्क्यांच्या निधीतून एक पडदा, एक पलंग, एक पंखा, एवढंच लागतं. सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व धोक्यात येतं, म्हणून बाळंतपणाआधी रजेचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बैठकीची शेवटची वीस मिनिटं कुणीही सल्ला द्यायचा नाही. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. "तू असं करायला पाहिजे होतं" म्हणालात तर पुढच्या महिन्यात चहा तुमच्याकडून. झोप उडाली असेल, सकाळी ऑफिसचं नाव काढलं तरी छाती धडधडत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी केला आहे.

पैशाचं एक वाक्यात: सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने सरपंचांचं मानधन लोकसंख्येप्रमाणे दरमहा ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये झालं, ते स्वतःच्या खात्यात येतं का बघा आणि त्यातून महिन्याला शंभर रुपये मंडळाच्या डब्यात टाका, झेरॉक्स आणि चहाला पुरतात.

शिकायला पुण्याची यशदा आहे, अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचं केंद्र नागपुरातही आहे. प्रशिक्षणाला जाताना एकटी जाऊ नका, मंडळातली दुसरी सोबत न्या. दोघींनी ऐकलेलं एकीने ऐकलेल्यापेक्षा जास्त परत येतं.

शेवटची पायरी: पिशवी

मुदत संपत आली की सहा महिने आधी एक कापडी पिशवी भरायला घ्या. तिच्यात ग्रामपंचायत अधिनियमाची खुणा केलेली प्रत, पत्रांची वही, शिक्का असलेल्या दुय्यम प्रती, अर्धवट कामांची यादी, आणि कोणत्या कार्यालयात कोण खरंच ऐकून घेतं त्यांच्या पदांची नोंद. जागा खुली झाली, निवडून दुसरा पक्ष आला, जिच्याशी पाच वर्षं भांडलात तिची सून आली, तरी पिशवी तिलाच. माझी पिशवी मी त्या टेबलाखालून हात दाबणाऱ्या ताईंच्या गटातल्या नव्या मुलीला दिली. तिने घेतली, उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, ऐनवेळच्या विषयात काय येते?"